खिडकीतली फेटेवाली माणसं

मुलगा पाण्याची बाटली आणायला बाहेर गेला, तेवढ्यात आजींनी खुर्चीतून हळूच विचारलं, "डॉक्टर, नसलेलं दिसतं का हो डोळ्याला?"

नौपाड्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो, घरचं कुणी जवळ नसताना. सात महिन्यांपासून संध्याकाळी खिडकीच्या ग्रिलवर वीतभर उंचीची माणसं येऊन बसत होती. लाल फेटे, पांढरे सदरे. बोलत नाहीत, नुसती बसतात. कधी भिंतभर जाळी पसरते. "सुनेचा चेहरा धुरकट दिसतो मला, पण यांच्या फेट्याचा पीळन् पीळ मोजून घ्या." घरी का नाही सांगितलं? "म्हणाले असते, ठाण्याला पाठवा. आणि मी राहते ठाण्यातच!" इथलं मनोरुग्णालय 1901चं. त्याच्यावरून पडलेल्या त्या एका वाक्प्रचारानं किती जणांना गप्प बसवलंय!

मला मात्र त्या पिळांनीच दिशा दिली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढलेले, तरी उजव्या डोळ्याची नजर 6/60 (निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून) आणि डाव्यानं एक मीटरवरची बोटं जेमतेम मोजता येत होती. ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजलेला. नजर धूसर आणि चित्र मात्र लख्ख, म्हणजे ते चित्र डोळ्यातून आलेलंच नाही. पडद्याकडून येणारे संदेश आटले की मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी रिकाम्या बसत नाहीत, आपल्या आपण पेटायला लागतात. चेहरे ओळखणारा भाग पेटला तर चेहरे दिसतात, नक्षी ओळखणारा पेटला तर जाळी. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते, तसलाच प्रकार. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगली नजर असलेल्या 13 जणांचे डोळे पाच दिवस बांधून ठेवले होते. 10 जणांना नसलेलं दिसलं. या प्रकाराला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. जिनीव्हाच्या या अभ्यासकानं आपल्या आजोबांना दिसणारी माणसं, पक्षी, इमारती 1760 साली लिहून ठेवल्या होत्या.

पण नाव सापडलं म्हणून लगेच चिकटवायचं नाही, घोळ इथेच होतो. आवाज ऐकू येतात का? नाही. माणसं काही करायला सांगतात का? नाही. शुद्ध दिवसभरात कमीजास्त होते का? तसं असेल तर आधी लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम बघायचं. आजींचं सोडियम 138, म्हणजे ठीक, लघवी साफ. चाल मंदावलीय, झोपेत हातपाय झाडतात, असं असेल तर लेवी बॉडी डिमेन्शियाची, म्हणजे भास होणाऱ्या एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची, शंका घ्यायची. तिथे हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची गोळी दिली तर माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. स्मृतिभ्रंश तपासायला जाड मार्कर देऊन अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं. आकडे वेडेवाकडे, पण काटे बरोबर जागी. मग गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांत सर्दीची फेनिरामाइन निघाली, महिनोन्महिने चालू असलेली. म्हातारपणी या गोळीनंही भास होतात, म्हणून ती आधी थांबवली. पंधरा दिवसांनी आजी परत आल्या. फेटेवाले येतच होते. तेव्हा कुठे केसपेपरवर निदान लिहिलं.

औषध दिलं नाही. मुलाला समोर बसवून सांगितलं, आईचं डोकं शाबूत आहे, तिला ती माणसं खोटी आहेत हे कळतं, तुम्ही फक्त "कुठे काय आहे?" म्हणून वाद घालू नका. आजींना युक्ती शिकवली: माणसं आली की मान न हलवता नजर डावीकडे-उजवीकडे न्यायची, सेकंदाला एकदा, पंधरा सेकंद. नाहीच हलली, तर उठून ग्रिलला हात लावायचा.

नातीनं वहीत वेळा टिपल्या होत्या. जवळजवळ सगळ्या साडेसहा ते आठमधल्या, अंधुक उजेडातल्या. म्हणून दिवेलागणीची वाट न बघता साडेपाचलाच ट्यूब लावायला सांगितली. फेटेवाल्यांबद्दल आजींची काही तक्रार उरली नव्हती. त्यांचा आक्षेप होता तो वीजबिलावर.