मीठ जास्त झालं की सिग्नल गायब

परवा मावशीचा फोन, म्हणे तू ते चिपवर डीएनए का काय करतोस ना, त्यावर आपल्या पिंट्याचं एएस आहे का एसएस ते कळेल का? विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे हे दोन शब्द घराघरात पाठ आहेत, एएस म्हणजे नुसता वाहक, एसएस म्हणजे आजार. मी म्हटलं मावशी, आधी दवाखान्यात सॉल्युबिलिटी टेस्ट कर, पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी टेस्ट, कारण एएस की एसएस ते पहिल्या टेस्टमध्ये समजत नाही. त्यावर ती, "मग तू काय करतोस तिकडे दोन वर्षं?"

तर काय करतो ते. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जीनमधल्या जीएजीचं जीटीजी होतं, ३ अब्ज अक्षरांत एक अक्षर. डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो, म्हणून ग्राफीनच्या (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) ट्रान्झिस्टरवर प्रोब, म्हणजे डीएनएची एकेरी पट्टी, लावून ठेवायचा, जुळणारा डीएनए येऊन बसला की करंट हलतो. कागदावर एकदम सोप्पं.

पण मीठ! रक्ताइतकं खारट पाणी असलं की आयन त्या चार्जभोवती गर्दी करतात आणि सेन्सरला १ नॅनोमीटरपलीकडचं काहीच जाणवत नाही, आणि आमचा २० अक्षरांचा प्रोब उभा राहिला तर जवळपास ७ नॅनोमीटर. बरं मीठ कमी करावं तर दोन्ही पट्ट्या निगेटिव्ह, एकमेकींना ढकलतात, जोडी जमतच नाही. म्हणून खारट बफरमध्ये (मिठाच्या द्रावणात) जोडी लावायची, मग पातळ बफरने धुऊन रीडिंग घ्यायचं, आणि धुताना अर्धा माल वाहून जातो तो वेगळाच.

मागच्या महिन्यात मस्त सिग्नल यायला लागला, मी खुश, दोन आठवडे ग्राफ काढत बसलो. मग डीएनए नसलेला ब्लँक थेंब ठेवला तर त्याचाही तोच कर्व्ह 😐 एसीच्या हवेने थेंब वाळत होता, मीठ वाढत होतं, मी मीठ मोजत होतो.

तिकडे कॅलिफोर्नियात कियाना अरान यांच्या टीमने ग्राफीनवर थेट कॅस९ (डीएनएतला ठराविक क्रम शोधणारं क्रिस्परचं प्रोटीन) बसवलं, २०१९ मध्ये ड्युशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटचा डीएनए पीसीआर न करता, म्हणजे त्याच्या प्रती न वाढवता, ओळखला, २०२१ मध्ये सिकलसेलचं ते एक अक्षरसुद्धा. जळतो मी, खोटं कशाला बोलू.

सध्या चिपवर पेट्री डिशचं झाकण, आत ओला टिशू, आणि रोज सकाळी सगळ्यात आधी ब्लँक थेंब.