आमची वाटचाल : हार्ड डिस्कच्या चकतीपासून पुढे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात भंगार साचतंच. बंद पडलेल्या हार्ड डिस्क, दम गेलेल्या बॅटऱ्या, परत न्यायला कुणी आलंच नाही असे कॅबिनेट. मागची खोली त्यानेच भरलेली, आणि आमच्यातल्या दोघातिघांना डोंगर भटकायचा नाद. यातूनच, भंगारातून डोंगरभटक्यांसाठी उपयोगी वस्तूंचं किट बनवायचा हा उद्योग सुरू झाला. योजना वगैरे काही नव्हती.

पहिली वस्तू म्हणजे इशारा देण्याचा आरसा. ३.५ इंची हार्ड डिस्क उघडायला टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि एखादा स्क्रू हमखास लेबलखाली दडलेला असतो. आत सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची चकती, दोन्ही बाजूंनी लख्ख, मधोमध २५ मिलिमीटरचं आयतं भोक. चकती डोळ्याशी धरायची, भोकातून बघत दुसरा हात लांब करायचा, दोन बोटांच्या बेचक्यात लक्ष्य पकडायचं आणि उन्हाचा कवडसा त्या बोटांवर आणून आरसा किंचित हलवत राहायचं. ऊन असेल तर ही चमक कित्येक किलोमीटरवरून दिसते. मात्र लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कमध्ये चकती बहुतेक काचेची असते. ती तडकली की बारीक कपच्या उडतात, म्हणून त्या डिस्क आम्ही घेतच नाही.

त्याच डिस्कमधले निओडिमियमचे जबर ताकदीचे चुंबकही कामाचे. त्यांच्यावर सुई एकाच दिशेने घासली की ती होकायंत्राचं काम करते. पण ते सुट्टे चुंबक किटमध्ये ठेवावेत, असं सुचवणाऱ्यांना आम्ही नकारच देतो. त्यांच्याशेजारी राहिलेल्या चांगल्या होकायंत्राची दोन्ही टोकं उलटी होऊ शकतात, आणि रानात ते लक्षात येईपर्यंत माणूस भलत्याच वाटेला लागलेला असतो. सुया आम्ही इथेच घासून देतो.

खरी मेहनत सेलवर होते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा १८६५० जातीचे सेल असतात: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. पॅक मेला म्हणजे सगळे सेल मेले असं नसतं. पुष्कळदा एखादाच खराब असतो. मल्टीमीटरवर २ व्होल्टच्या खाली दिसलेला सेल सरळ बाजूला. उरलेले ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून ठेवून द्यायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. ज्याचं व्होल्टेज आपोआप उतरलं किंवा जो चार्जिंगला गरम झाला, तो बाद. इथे कामगारांना कितीही घाई असो, आमचं एकच म्हणणं: टिकला तरच पुढे. पास झालेल्या सेलवर आम्ही एका सेलचा कंदील बनवतो, संरक्षक सर्किटसकट. वेगवेगळ्या वयाचे सेल जोडून मोठी पॉवर बँक करायची मागणी सतत येते. ती आम्ही करत नाही. बर्फाळ भागात जाणाऱ्यांना एक सूचना लेखी देतो: शून्य अंशाखाली कंदील वापरा, पण चार्ज करू नका, सेल आतून बिघडतो.

आता चुलीबद्दल, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. कॅबिनेटचा पत्रा कापून छान सुबक चूल होते, व्हिडिओही भरपूर सापडतात. पण तो पत्रा बहुतेक वेळा जस्त चढवलेला असतो. तापला की जस्ताचा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. सर्किट बोर्डांचं तर विचारूच नका. जुन्या जोडांत शिसं असतं. अन्नाला लागेल किंवा विस्तवावर चढेल असं काहीही आम्ही बनवत नाही, यावर ग्राहक हिरमुसतात हे माहीत आहे.

सध्या काम चाललंय नेटवर्क केबलवर. आत आठ तारा, दोन-दोनच्या वेटोळ्यांत. ताडपत्री बांधायला किंवा तुटलेला पट्टा अडकवायला त्या मस्त, ओझं उचलायला मात्र नाहीत. त्यांची छोटी गुंडाळी पुढच्या किटमध्ये येईल. कंदिलाचा सेल संपला तर आमच्याकडे परत पाठवा, कचऱ्यात टाकू नका. बदली देतो आणि जुना पुनर्वापर केंद्रात जातो.