झाले किती, राहिले किती

रविवारी सकाळी नऊला मी घरी फोन लावतो. नऊ म्हणजे इथले नऊ. गावाकडं तेव्हा उन्हाळ्यात साडेबारा झालेले असतात आणि हिवाळ्यात दीड. हे गणित आईला अजून मान्य नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला इथली घड्याळं तासभर मागं घेतात, आणि त्या दिवशी माझा फोन तिच्या हिशेबानं तासभर उशिरा जातो. पहिल्या वर्षी ती फोन मांडीवर घेऊन, न जेवता बसली होती.

"तास मागं घेतला म्हणजे? कुणी घेतला?"

सरकारनं, म्हणालो. मार्चमध्ये काढून घेतात आणि ऑक्टोबरात परत देतात.

मागून आबांचा आवाज आला, "घेतलेलं परत देणारं सरकार पयल्यांदाच ऐकायलो."

मी औसा तालुक्यातला, किल्लारीच्या अलीकडच्या एका गावचा. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या टीयूमध्ये, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, पाण्याचं शास्त्र शिकतो. लातूरचा पोरगा पाणी शिकायला एल्बे नदीच्या काठी गेला, यावर गावात व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेलेत, त्यामुळं ते सोडू. चौथं सेमिस्टर चालू आहे. परवा कुणीतरी विचारलं, किती वर्षं झाली तिकडं? मला सांगताच येईना. किती दिवस राहिले ते मात्र तोंडपाठ होतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

याची सुरुवात लातूरला झाली असावी. अकरावीला मी तिथं गेलो तो जून २०१६. त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, देशभर फोटो छापून आले होते. रूमवर आम्ही चौघं, मेसचा डबा आणि दर रविवारी टेस्ट. क्लासच्या दारात एक फळा होता. त्यावर दुसरं काही नाही, फक्त 'राहिलेले दिवस' आणि खाली आकडा. सकाळी शिपाईमामा ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसून आजचा लिहायचे. चारशेच्या घरात असताना आम्ही त्याकडं बघायचोही नाही. शंभरच्या आत आला तसं पोरं दारातून आत शिरताना मान खाली घालू लागली. एका मित्राचं तर पोट बिघडायचं. मामांचं अक्षर फार सुंदर होतं, हे मला तेव्हाच लक्षात आलं होतं, पण कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या दोन वर्षांतला एक एक दिवस संपता संपायचा नाही. आता आठवायला बसलो की दोन वर्षं मिळून जेमतेम एक दिवस हाताला लागतो: पहाटे पाचचा अलार्म, फिजिक्स, गार पडलेली पोळी, उत्तरपत्रिकेतले काळे केलेले गोल. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय की, नवनव्या गोष्टींनी भरलेला काळ जाताना भरकन जातो आणि मागं वळून बघताना लांबलचक दिसतो. रिकाम्या, एकसुरी काळाचं नेमकं उलटं होतं. त्यांनी लातूरची रूम बघितली नव्हती, तरी बरोबर लिहिलंय.

ड्रेस्डेनमधला पहिला आठवडा या हिशेबानं मला वर्षाएवढा आठवतो. पालिकेत पत्ता नोंदवणं, सिमकार्ड, बँक, रविवारी दुकानं बंद असतात हे रविवारीच कळणं. आणि घड्याळ. हो, घड्याळ वाचायलाही इथं नव्यानं शिकावं लागलं. पुण्यात जर्मनचा क्लास केला होता, त्यामुळं 'हाल्प आख्ट', शब्दशः 'अर्धा आठ', म्हणजे साडेसात हे ठाऊक होतं. पण हा सॅक्सनी प्रांत. एका वर्गमैत्रिणीनं निरोप दिला, 'फीर्टल आख्ट'ला स्टेशनवर ये. पाव आठ. मी सरळ सव्वाआठला पोचलो. गाडी सव्वासातची होती. इथल्या लोकांच्या मते सात वाजले की आठवा तास भरायला लागतो. पाव भरला की 'पाव आठ', पाऊण भरला की 'पाऊण आठ'. तो शेवटचा आपल्या पावणेआठसारखाच, आणि तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. हॅम्बुर्गकडच्या जर्मन पोरांचाही या 'पाव आठ'वर गोंधळ उडतो, हे नंतर कळलं. मग मी माफी मागायचं थांबवलं. उशिराचं म्हणाल तर आम्हा मराठवाड्याच्या लोकांना स्वातंत्र्यच तेरा महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला मिळालं. एका गाडीचं काय घेऊन बसलात!

टीयूत दिवसाचे तुकडे दीड-दीड तासाचे. पहिला तास सकाळी साडेसातला सुरू होतो आणि पाचवा संपतो चार वाजून वीस मिनिटांनी. डिसेंबरात सूर्य उगवतो आठच्या आसपास आणि चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे अंधारात वर्गात शिरायचं आणि अंधारात बाहेर पडायचं. अशा तीन-चार दिवसांनंतर आज मंगळवार की गुरुवार हे डब्यातल्या भाजीवरून ओळखावं लागतं. जूनमध्ये उलटं. रात्री नऊ वाजता एल्बेच्या काठावर ऊन असतं, अभ्यासाला बसायची लाज वाटते आणि झोपायचीही.

माझं सेमिस्टर म्हणजे शिकवणीचे पंधरा आठवडे, १०५ दिवस. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा हसूच आलं, कारण सोयाबीनचं पीकही शंभरेक दिवसांचंच. आबा पेरतात तेव्हापासून माल काढेपर्यंत जेवढा काळ जातो तेवढ्यात माझा एक अभ्यासक्रम संपतो. पण त्याच शंभर दिवसांची मोजणी आम्ही दोघं वेगवेगळ्या टोकांनी करतो. फोनवर आबा सांगतात, "पेरून चाळीस दिस झाले, फुलात आलंय." मी सांगतो, "परीक्षेला चाळीस दिवस राहिले." चाळीसच दोघांचे. त्यांचे चाळीस रोज वाढतात, माझे रोज कमी होतात. त्यांच्या एकेचाळिसाव्या दिवशी काहीतरी नवं उगवलेलं असतं, नाहीतर अळी तरी पडलेली असते. माझ्या एकोणचाळिसाव्यात एक दिवस गेलेला असतो, बस्स.

गावाकडं सगळीच मोजणी अशी 'झाले'ची आहे. मृग निघून आठ दिवस झाले, जर्सी गाय आटून महिना झाला. लग्न असो की जन्म, आमच्या गावात काळ भूकंपापासून मोजतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. थोरल्या आत्याचं लग्न भूकंपाच्या आदल्या साली, विहीर भूकंपानंतर दोन वर्षांनी. तारीख लागतेच कशाला? आबांची जन्मतारीख तर १ जून. काकांचीही १ जून. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जून, कारण जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. माझ्या जर्मन फ्लॅटमेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग त्या दिवशी गावात केक पुरतो का?

त्यालाही अशा मोजणीची कल्पना आहे मात्र. ड्रेस्डेन बॉम्बहल्ल्यात जळालं ते १३ फेब्रुवारी १९४५ ला. दरवर्षी त्या रात्री पावणेदहाच्या सुमारास शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा वाजतात. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात होतो, हातात लाटणं. घंटा थांबेपर्यंत तो खिडकीपाशी नुसता उभा राहिला. मग मी त्याला किल्लारी सांगितलं.

त्याच हल्ल्यात इथलं ऑपेराघर पडलं, आणि बरोबर चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९८५ ला, ते पुन्हा उघडलं. मागच्या हिवाळ्यात एका मित्राकडं जादा तिकीट होतं म्हणून गेलो. गाणं मला कळलं नाही, खोटं कशाला सांगू. मी सगळा वेळ रंगमंचाच्या वरचं घड्याळ बघत होतो. काटे नाहीत. डावीकडं तासाचा रोमन आकडा, उजवीकडं मिनिटं, आणि तीही पाच-पाचनं. मूळचं घड्याळ १८४१ चं. अंधारात लोकांची खिशातली घड्याळं टणटणायची, म्हणून सगळ्यांना दिसेल असं एकच बसवून घेतलं असं सांगतात. तुम्ही बघत राहा, ते हलत नाही. गायिका रडते, कुणीतरी मरतं, घड्याळ ढिम्म. आणि मग डोळ्यांदेखत एकदम पाच मिनिटं जातात. माझी सेमिस्टरं अशीच गेली. नोव्हेंबर हलत नाही, हलत नाही, आणि एकदम फेब्रुवारी.

फ्लॅटमेट मात्र माझ्यासारखा नाही. बारावीनंतर त्यानं एक वर्ष वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काम केलं, इथं तशी सरकारमान्य सोय आहे. मग एक विषय दीड वर्ष शिकला आणि सोडला. आता मास्टर्सच्या सातव्या सेमिस्टरला आहे, जे कागदावर चार सेमिस्टरांचं. त्याला कुणी काही विचारत नाही. आमच्या लातुरात यातल्या प्रत्येक वर्षाला 'वाया गेलेलं' म्हटलं असतं, आणि बारावीनंतर परत बसणाऱ्याला तर नावच ठेवलंय, रिपीटर. माझा एक रूममेट दोनदा रिपीटर झाला. त्या दोन वर्षांत तो दिवाळीला घरी गेला नाही, लोक विचारतील म्हणून.

यावर इकडची माणसं मोकळी आणि आपली कोती, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह मलाही व्हायचा. आता होत नाही. फ्लॅटमेटला फी जवळपास नाही, आईबाप पेन्शनीत जाणारे, व्हिसाचा प्रश्न नाही. माझा वेळ आधीच कुणीतरी मोजून ठेवलाय. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, त्यातले महिन्याला ९९२ सुटणार. वर्षाला पूर्ण दिवसाचं काम करायचं तर १४० दिवस, त्याच्या पुढं नाही. शिक्षण संपलं की नोकरी शोधायला अठरा महिने. बँकेचा हप्ता त्याच्याही आधी. 'झाले' मोजायला पायाखाली स्वतःचं रान लागतं. मी भाड्याच्या वेळात राहतो, मग घरमालकाची तारीख लक्षात ठेवायलाच लागते.

दोन येळवशी हुकल्या. शेतातल्या या सणाला पंचांगात वेळ अमावस्या असं लिहितात, आम्ही येळवस म्हणतो. शेतात कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, मडक्यातलं आंबील. पहिल्या वर्षी बहिणीनं कोपीतून व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा मी साडेसातच्या वर्गाला ट्राममध्ये होतो. गावाकडं बारा वाजत आलेले आणि इतकं ऊन की पडद्यावर कुणाचं तोंड दिसेना. यंदा चुकवायची नाही म्हणून डिसेंबरचं तिकीट एप्रिलातच काढून ठेवलं.

मागच्या आठवड्यात बहिणीनं एक फोटो पाठवला. गॅसची टाकी कधी लावली यावरून तिचं आणि आईचं वाजलं होतं, पुरावा म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो. तारखांच्या चौकोनात आईच्या अक्षरात दुधाची मापं, एक, दीड, एक. टाकी अठरा तारखेला. बहीण हरली होती. फोटो बंद करता करता मी तो मोठा केला. दुधाच्या मापाखाली, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं आणखी एक बारीक आकडा होता. २१४. पुढच्या चौकोनात २१३. त्याच्या पुढं २१२.

रविवारी नऊला फोन लावला. गाय कशी आहे, पाऊस कुठवर आलाय, आबांचा गुडघा, सगळं झालं. मग विचारलं, कॅलेंडरवर ते दोनशे बारा, दोनशे अकरा काय लिहायलीस?

"दुधाचा हिशेब हाय त्यो," आई म्हणाली. "तू जेवलास का?"