तिथी बघून किनाऱ्यावर

सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर जरूर जावं, पण मच्छीमारांचं गाव बघायचं असेल तर ती सर्वांत निकामी वेळ. होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी पसरलेली, नि माणसं पहाटे उठायचं म्हणून लवकर जेवायला बसलेली. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आज सकाळी सातला असलेली ओहोटी उद्या आठच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. सुट्टी रविवारी मिळते, त्याला समुद्राचा इलाज नाही.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि वारा पाण्याकडे वाहतो. शिडाच्या होड्या पहाटे त्याच्यावरच बाहेर पडतात. ऊन चढलं की वारा फिरतो आणि त्यांना घरी आणतो.

बघावी ती रापण, म्हणजे काठावरून ओढायचं लांबलचक जाळं. केरळात, श्रीलंकेत, घानात, उष्ण कटिबंधातल्या कितीतरी किनाऱ्यांवर ती ओढली जाते. दोराचं एक टोक काठावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडून माणसं ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकतात. मधोमध बारीक विणीचा खोला, म्हणजे जाळ्याची पिशवी. मासळी शेवटी तिथे जमते. सगळी मदार खालच्या, वजनं लावलेल्या दोरावर. तो तळापासून उचलला गेला की खालून मासे निसटतात, म्हणून एका बाजूने घाई केलेली चालत नाही. तळाशी खडक असला तर जाळं फाटतं. जेलीफिश शिरले तर खोला भलता जड होतो आणि हाती काहीच लागत नाही. विचारून दोराला हात लावला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र दोन दोरांच्या मध्ये उभं राहू नये. लाट मागे फिरताना ढिला दोर झटक्यात ताणतो आणि पाय काढून घेतो.

पोहायला शांत दिसणारी जागा शोधणाऱ्यांना एक सांगायला हवं: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या पट्ट्यात त्या फुटत नसतील, तर तिथूनच पाणी आत ओढत असण्याची शक्यता मोठी. सापडलात तर काठाला समांतर पोहा, ओढीच्या विरुद्ध नको.

आणि निवडून बाजूला टाकलेल्या मासळीच्या ढिगात हात घालू नका. त्यात विषारी समुद्रसाप असू शकतो, आणि पाकट माशाची नांगी तो मेल्यावरही टोचते.