शॉकअपवाली घेऊ का साधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी सायकल लावून चहाला थांबलं की कोणतरी पुढच्या चाकाकडं बघत विचारतंच, पंधरा हजारात एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल, घ्यायचीय, शॉकअपवाली घेऊ का साधी? साधी घ्या. आणि मागं पण शॉकअप असलेली डबल सस्पेन्शनवाली तर फुकट दिली तरी नको, कारण तो शहाणपणा मी करून बसलोय.

दुकानात सीटखालची ती जाड लाल स्प्रिंग बघितली आणि विषयच संपला. पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला निघालो, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्लीपर्यंत एकदम झकास, मग वाघबीळचा चढ लागला आणि प्रत्येक पेडलला सायकल खाली बसायला लागली, म्हणजे जोर मी लावायचा आणि खायचा स्प्रिंगनं. उभं राहून मारावी तर पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तो पण वाकून नमस्कार घालतोय. एक शाळकरी पोरगं साध्या सायकलवरनं माझ्याकडं वळून बघत पुढं गेलं, ते अजून डोळ्यापुढं आहे.

नुसती स्प्रिंग असून भागत नाही, दबलेली स्प्रिंग सावकाश परत आणायला डॅम्पिंग लागतं, आणि स्वस्तातल्या फोर्कमध्ये नेमकं तेच नसतं नाहीतर नावाला असतं. दुकानातच बघा की, पुढचा ब्रेक धरा, हँडलवर अंगाचा भार टाका आणि पटकन सोडा. ठक्कन वर उसळलं तर समजायचं, डॅम्पिंग नाही. वर असा फोर्क भरतो अडीच किलोच्या आसपास, साधा लोखंडी साधारण त्याच्या निम्म्यात. आणि त्यात आपला पाऊस, सील कच्ची, आत लाल चिखलाचं पाणी जातंय, दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आले आणि मग तो दबला की दबलेलाच.

मग खड्ड्यांचं काय? टायर! २.१ इंची टायरवर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असलं तर ते जास्तीत जास्त असतं, पण पंक्चरवाला तेवढी हवा ठोकून देतो आणि आपण म्हणतो सायकल आदळते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ३०-३५ बास. अंगठ्यानं दाबलं तर टायर थोडं आत गेलं पाहिजे. फार कमी पण करू नका, दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. तसं बघितलं तर स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही एमटीबी १९८१ ला आली ती साध्या फोर्कवर, शॉकअपवाले फोर्क बनवणाऱ्या रॉकशॉक्सचा पहिला फोर्क १९८९ चा, तोपर्यंत लोक डोंगर उतरतच होते की.

वाचलेले पैसे ब्रेकवर घाला, डबल वॉल म्हणजे दुहेरी भिंतीची मजबूत रिम बघा, आणि मागच्या गिअरच्या चकत्या हबवर आट्यांनी बसणाऱ्या फ्रीव्हीलऐवजी सरकवून बसणाऱ्या कॅसेटच्या मिळत असल्या तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी सोडू नका, फ्रीव्हीलवाल्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, ॲक्सल वाकतो, माझा दोनदा वाकला. पोरगं शॉकअपसाठी हटूनच बसलं असलं तर निदान लॉकआउटवाला फोर्क घ्या, चढाला बंद तरी करता येतो. दर रविवारी जंगलातल्या दगडगोट्यातनं फिरणार असाल तर मात्र स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा चांगला एअर फोर्क हवाच, पण तो एकटाच तुमचं सगळं बजेट खाणार.

माझी ती डबल सस्पेन्शनवाली अजून जिन्याखाली आहे. मागची स्प्रिंग गंजून पार जाम झालीय, हलतच नाही, आणि खरं सांगू का, तेव्हापासनं चढाला बरी चालते.