हरिकेन मार्क १: घडीत गेलेले तीन मिलिमीटर

हरिकेन विमानाच्या माझ्या प्लास्टिक मॉडेलबद्दल मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की पुढच्या वेळी पंख प्रायमरखाली (रंगाआधीच्या थराखाली) दिसतील. तसं झालेलं नाही. डावा पंख पूर्ण घासून पुन्हा कोरा केलाय आणि रिबांची (पंखाच्या कापडातून उठून दिसणाऱ्या आतल्या पट्ट्यांची) पहिली सगळी मेहनत भुकटी होऊन गेली. पण घोळ कुठे होता ते काल रात्री सापडलं, म्हणून आजच लिहायला बसलो.

विषय तोच: १/७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, अगदी सुरुवातीचं हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान. डिसेंबर १९३७ पासून नॉर्थोल्टला ब्रिटिश हवाई दलाच्या १११ स्क्वाड्रनकडे यायला लागली, तसलं. बाहेरचे पंख कापडी, प्रोपेलर दोन पात्यांचा लाकडी वॉट्स, शेपटीच्या पोटाखालची पट्टी अजून आलेली नाही. आणि अट अशी, की सत्तरच्या दशकातल्या त्या एका मासिकातल्या लेखात जे सामान सांगितलंय तेवढंच वापरायचं. प्लास्टिक कार्ड, ताणलेला स्प्रू (किटच्या सांगाड्याचं प्लास्टिक तापवून ओढलेला धागा), पुट्टी, लाकडाची पट्टी. रेझिनचा तयार पंख आणला तर हे सगळं करण्यात अर्थच उरत नाही.

ती मासिकं मला का इतकी धरून ठेवतात, हे या कामात जास्त कळतंय. तेव्हा किट थोडी होती, त्यामुळे एका किटमधून दुसरं विमान काढायला शिकवणं हाच मासिकांचा जीव होता. १९६० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या एअरफिक्स मॅगझिनचे जुने अंक चाळा, कन्व्हर्जनवर कन्व्हर्जन. लेखक सरळ सांगतो: इथे कापा, दहा थाउचं कार्ड लावा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा थाउ म्हणजे पाव मिलिमीटर), सुकू द्या, घासा. फोटो काळेपांढरे आणि अंधुक, पण हाताने शाईत काढलेला प्लॅन असा, की रेघेची जाडीसुद्धा विचार करून ठरवलेली. माझ्या अंकात आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने रंगाचं प्रमाण लिहून ठेवलंय, तीनास एक. कसलं तीनास एक ते लिहिलेलं नाही. तरी ते अक्षर बघितलं की बरं वाटतं.

आता घोळ. प्लॅन समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलाय आणि वरून दिसणाऱ्या आकृतीचं धड बरोबर मधल्या घडीत. मी स्कॅन केला, छापला, कॅलिपर लावलं: पंखांचा विस्तार १६६.२ मिलिमीटर. हरिकेनचा विस्तार ४० फूट, म्हणजे १/७२ मध्ये १६९.३ हवा. तीन मिलिमीटर कमी! मी धरून चाललो, की कागद आक्रसला असेल किंवा प्रिंटरने मोजमाप बदललं असेल. सरळ आडवं १.९ टक्के ताणलं, पुन्हा छापलं, १६९.३ बरोबर आले. त्यावरून रिबांच्या जागा उचलल्या, ताणलेल्या स्प्रूचे धागे चिकटवले, घासले. मग पंख धडाला ड्राय-फिट केला, म्हणजे गोंद न लावता जोडून पाहिला, तर प्लॅनवरचा सांधा आणि किटचा सांधा जुळेना. टोकापर्यंत जाता जाता रिबा एक मिलिमीटरहून जास्त सरकल्या होत्या. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर. डोळ्याला खटकतंच.

दोन आठवडे किटलाच दोष देत होतो. काल सहज पानाच्या तळाशी असलेल्या फुटांच्या पट्टीवर कॅलिपर ठेवलं. ताणलेल्या प्रतीत दहा फूट भरले ४३.१. मूळ अंकावर? ४२.३. म्हणजे बिनचूक १/७२! कागद ठणठणीत होता. हरवलेले तीन मिलिमीटर सगळे घडीतच होते. स्कॅनरच्या काचेवर घडीजवळचं पान उचललं जातं, तिरकं पडतं आणि तेवढाच भाग आखडून दिसतो. मी मात्र ती तूट पंखभर वाटून टाकली होती. खूण समोरच होती: वरच्या आकृतीतलं धड पुढून दिसणाऱ्या आकृतीतल्या धडापेक्षा बारीक दिसत होतं. मग कागदाची अरुंद पट्टी घडीत दाबून मोजलं, जवळजवळ १६९ भरले.

प्लॅन सपाट करायचा तर अंकाच्या पिना काढाव्या लागतील. त्या गंजल्यात, कागद ठिसूळ झालाय, मी हात लावणार नाही. आणि खरं तर गरजच नाही, हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय: मला रिबा फक्त बाहेरच्या पंखावर हव्यात आणि तो भाग घडीपासून लांब आहे. मधला भाग किटचाच राहणार. म्हणजे न ताणलेल्या स्कॅनमधून डावा आणि उजवा पंख वेगवेगळा कापून वापरला की झालं.

आता रिबांची पद्धतही बदलतोय. स्प्रूचे धागे घासताना एखादा उखडतो, मग सगळी ओळ जाते. त्याऐवजी मास्किंग टेपमध्ये बारीक फटी ठेवून त्यातून जाड प्रायमर मारणार, टेप काढली की हलकासा उंचवटा राहील. लेखातल्या सामानाची अट इथे मोडते, पण त्या लेखकाच्या हाती ही टेप असती तर त्यानेही हेच केलं असतं असं मला मनापासून वाटतं. उंचवटा मात्र जेमतेम हवा. रिबांमध्ये खोल झोळ पडलेलं कापड अनेक मॉडेलांवर दिसतं, ते चूक आहे. डोप (कापड ताणून धरणारं वॉर्निश) दिलेलं लिनन ढोलकीच्या पुडीसारखं ताठ असतं.

पुट्टीबद्दल एक: ट्यूबमधली वासाची पुट्टी सुकताना बसते, पॅनेलच्या रेघा दुसऱ्या दिवशी परत वर येतात. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण एक दिवस, याला पर्याय नाही. टामियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट मात्र सांध्यात असं धावतं की ब्रश टेकवायचाच अवकाश.

आणि प्रोपेलर झाला! लाकडाच्या पट्टीतून कोरला, तिसऱ्या प्रयत्नात दोन्ही पात्यांचा पीळ सारखा आला. सुईवर ठेवला तर आडवा स्थिर राहतो. रंगाखाली लाकूड दिसणार नाही, तरी आत लाकूड आहे हे मला माहीत आहे.

वरून हम्ब्रॉल रंग २९ आणि ३० (मातकट तपकिरी आणि गडद हिरवा), पोट चंदेरी. त्याआधी उजवा पंख. त्याची टेप आज रात्री कापायला घेतो.