दुसऱ्या हातची गाणी

नवी कोरी रेकॉर्ड घेण्यात मला कधी मजा वाटली नाही. वरचं प्लॅस्टिक फाडायचं, आतून चकचकीत तबकडी निघणार, आणि तिच्यावर कुणाच्याच बोटांचे ठसे नसणार! त्यापेक्षा इथे इंग्लंडात, साउदॅम्प्टनच्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, जोड फुटलेल्या कपबशा आणि जिगसॉच्या खोक्यांशेजारी मांडलेल्या जुन्या रेकॉर्ड चाळत बसणं बरं. बराचसा माल म्हणजे ख्रिसमसची गाणी आणि जेम्स लास्टचा ऑर्केस्ट्रा. पण मधूनच एखाद्या दिवशी हाताला ‘लीज अँड लीफ’ लागते.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडची ही रेकॉर्ड डिसेंबर १९६९ मध्ये आली. माझी प्रत पहिल्या छपाईची नाही. आयलंड कंपनीचं तेव्हाचं लेबल अख्खं गुलाबी असायचं, आणि तसली प्रत दुकानदार सहसा अशी उघड्यावर ठेवत नाहीत. माझ्या लेबलवर ताडाचं झाड आहे आणि कडेला गुलाबी पट्टी, म्हणजे सत्तरच्या दशकातली. कव्हरच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं एक नाव खोडलंय आणि खाली वेगळ्या अक्षरात दुसरं लिहिलंय. बहिणीची भावाने ढापली, की संसार मोडला तेव्हा वाटणीत गेली, काय ते त्या दोघांना ठाऊक.

दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की आणखी चुगल्या कळतात. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्याचा पट्टा करडा, निस्तेज पडलाय. त्याच्या आधीच्या मोकळ्या फटीत केसासारखे बारीक ओरखडे आहेत. सुई पुन्हा पुन्हा उचलून तिथेच टेकवली की असे पडतात. दोघांपैकी एक जण ‘टॅम लिन’साठी वेडा होता, एवढं नक्की.

वेड लागावं असंच ते गाणं आहे. सात मिनिटांचं. टॅम लिनला पऱ्यांच्या राणीने पळवून नेलंय. जॅनेटला त्याच्यापासून दिवस गेलेत. हॅलोविनच्या रात्री राणीची स्वारी निघते, तेव्हा जॅनेटने त्याला घोड्यावरून खाली ओढायचं आणि धरून ठेवायचं. मग तो तिच्या मिठीत एकेक भयंकर रूप घेत जातो, आणि हिने काही केल्या हात सोडायचा नाही. रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि डेव्ह स्वारब्रिकचं व्हायोलिन एकमेकांवर धावून जातात, आणि सँडी डेनी मात्र सगळं शांतपणे सांगत राहते, जणू शेजारच्या आळीत घडलंय.

टॅम लिन आणि जॅनेट १९६९ ची नाहीत, काही शतकं आधीची आहेत. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सनेही अठराव्या शतकात हे गाणं टिपून ठेवलं होतं. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतं गोळा करून त्यांना क्रमांक दिले, एकूण ३०५. त्यात ‘टॅम लिन’ ३९ वं आणि पहिल्या बाजूवरचं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ८१ वं. बँडचा बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या ग्रंथालयात बसून असली जुनी बाडं उपसायचा. म्हणजे मूळ मालच वापरलेला. तो दुसऱ्या हातचा सुद्धा नाही, किती हातांमधून आला याची गणती नाही. मग त्याची रेकॉर्ड कोरी करकरीत कशाला हवी?

पण यातली दोन गाणी अगदी ताजी होती, आणि ती कशातून आली ते कळलं की ऐकणं थोडं जड जातं. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना बँडची व्हॅन एम वन मोटरवेवर उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, एकोणीस वर्षांचा होता. थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. उरलेल्यांनी बँड मोडायचा विचार केला, मग नवा ड्रमर घेतला आणि विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन गावात एका मोठ्या घरात उन्हाळाभर तालमी केल्या. या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू संपतात त्या थॉम्पसनच्या शब्दांवर: पहिली ‘फेअरवेल, फेअरवेल’वर, दुसरी ‘क्रेझी मॅन मायकेल’वर. चाली संथ, आवाज हलका. त्यांचा संबंध लोक त्या अपघाताशी लावतात, आणि मलाही तसंच ऐकू येतं.

आता गंमत बघा. एलपी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती निम्म्याहूनही कमी होते. तेवढ्याच गाण्याला तिथे जागा कमी, त्यामुळे शेवटाकडे आवाज फाटायची भीती जास्त. म्हणून दणदणीत गाणी शक्यतो कडेला आणि हलकी आत, असा रेकॉर्ड बनवणाऱ्यांचा जुना शिरस्ता. पण हलक्या गाण्यात धूळ आणि ओरखडे झाकायला ढोल नसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने पुसणं, सगळं करून झालं. नेमक्या याच दोन गाण्यांत खरखर उरली आहे. एकदा ‘फेअरवेल’ चालू असताना आईचा पुण्याहून फोन आला, तर म्हणते, “अरे, तुझ्याकडे रेंज नाही का? कसली करकर चाललीये?”

डिजिटल प्रत ऐक, असं मित्र सुचवतात. ऐकली. स्वच्छ आहे.

रेकॉर्ड बाजारात यायच्या सुमारासच सँडी आणि हचिंग्ज दोघंही बँड सोडून गेले. सँडी पुढे लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बममध्ये एका गाण्यात गायली आणि १९७८ मध्ये एकतिसाव्या वर्षी वारली. बँड मात्र माणसं बदलत टिकला. ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी गावात दर ऑगस्टला त्यांचा जलसा भरतो आणि शेवटाकडे ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हवंच. उमरावाची बायको देवळात तरुण मॅटीवर भाळते, नोकर चहाडी करतो, उमराव येऊन दोघांनाही ठार मारतो, आणि वर हुकूम सोडतो की पुरताना बाईला वरच्या बाजूला ठेवा, ती खानदानी घरातली होती! शेतात जमलेली हजारो माणसं, हातात बियरचा ग्लास, हे सगळं तोंडपाठ गातात, आणि मॅटी पुन्हा पुढच्या ऑगस्टमध्ये मरायला मोकळा.